घोषणेत पाणी पहिले, मंग रजिस्टरात का नाही?



मोर्चात आपण "जल, जंगल, जमीन" म्हणतो. त्यात पाणी सगळ्यात पहिले येते. पण आपल्या ग्रामसभेच्या पेटीतले कागद एकदा काढून पाहा. वैयक्तिक दाव्यांच्या फाइली सापडतील. जमिनीचे मोजमाप सापडेल, पोरांनी जीपीएस घेऊन बांधाबांधाने फिरून केलेले. सामूहिक दाव्याचा नकाशा सापडेल, त्यात जंगलाच्या चारी सीमा. तेंदूपत्त्याचे पुडे किती, बांबूच्या बंडलांचा हिशोब किती, तेही सापडेल. पाण्याचे काय सापडेल? नकाशावर नाल्याची एक निळी रेघ आणि त्याचे नाव. बस, एवढेच.

म्हणजे जमीन आपण मोजली, जंगल मोजले, पाणी मोजले नाही. उद्या नाला बिघडला तर "आधी असा नव्हता" हे आपण कशाच्या आधारावर सांगणार?

माझे म्हणणे सरळ आहे. नाल्या-नदीकाठच्या प्रत्येक ग्रामसभेने पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा एक छोटा मीटर घ्यावा, गावातल्याच दोन-तीन जणांनी तो चालवायला शिकावे आणि वर्षभर रजिस्टर भरावे. वरच्या अंगाला कूप पडायच्या आधी आणि खाणीच्या जनसुनावणीची नोटीस यायच्या आधी हे काम सुरू व्हावे. आपल्या संघटनेतल्या काही साथींना हे पटत नाही. त्यांच्या शंका खऱ्या आहेत, त्या मी पुढे घेतल्या आहेत. आधी ही वस्तू काय आहे ते पाहू.

मीटर काय मोजतो?

निव्वळ पाण्यातून करंट नीट जात नाही. पाण्यात मीठ विरघळले की जातो. मीठ म्हणजे फक्त खायचे मीठ नाही. चुन्याचे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, राखेतले पोटॅशियम, नायट्रेट, सल्फेट, क्लोराईड हे सगळे पाण्यात विरघळल्यावर विजेचा भार घेऊन फिरतात. असे कण जितके जास्त, तितका करंट जास्त. पेनाएवढ्या मीटरच्या टोकाला धातूचे दोन तुकडे असतात. पाण्यात बुडवले की त्यांच्यामधून किती करंट जातो ते आकड्यात दिसते. आकड्याचे माप आहे मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर. हा शब्द अवघड वाटला तर सोडून द्या, आपण "आकडा" म्हणू.

गाडीच्या बॅटरीत टाकायचे पाणी असते, त्याचा आकडा चांगल्या पाण्यात जवळपास शून्य येतो, एक-दोन-तीन. समुद्राच्या पाण्याचा आकडा 50,000 च्या आसपास. आपले नाले, नद्या, बोड्या, विहिरी या दोघांच्या मधात कुठे तरी बसतात.

हा मीटर काही प्रयोगशाळेतली दुर्मिळ वस्तू नाही. तालुक्याच्या गावात पाण्याचा फिल्टर विकणारा एजंट खिशातून जो पेन काढतो, तो याचाच भाऊ आहे. तो टीडीएस दाखवतो, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. पण खरे पाहिले तर तो पेनही आतून वाहकताच मोजतो आणि तिला एका ठरलेल्या आकड्याने गुणून टीडीएस दाखवतो. कोणत्या कंपनीचा पेन 0.5 ने गुणतो, कोणता 0.7 ने. म्हणून एकाच लोट्यातल्या पाण्याला दोन पेन दोन टीडीएस सांगू शकतात. आपण टीडीएस लिहू नये, मायक्रोसिमेन्स लिहावे. ते बटण असलेलाच मीटर घ्यावा.

त्याच एजंटची एक युक्ती पण लक्षात ठेवा. तो दोन ग्लासांत वायर सोडतो, गावाच्या पाण्याचा ग्लास तपकिरी होतो आणि म्हणतो, बघा तुम्ही काय घाण पिता. ती घाण पाण्यातली नसते. त्याच्या लोखंडी काड्या करंटने झिजून पाण्यात उतरतात. क्षार असलेल्या पाण्यातून करंट जातो म्हणून तिकडे काड्या झिजतात, फिल्टरच्या पाण्यातून जात नाही म्हणून तिकडे काही होत नाही. म्हणजे तोच करंट, तोच नियम, पण ज्याला कळते तो कमावतो आणि ज्याला कळत नाही तो घाबरतो. आकडा कोणाच्या हातात आहे हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

जंगलाचा आणि आकड्याचा संबंध

पावसाचे पाणी जवळपास बिनक्षारी असते. ते जंगलाच्या पालापाचोळ्यातून, मातीतून, मुरमातून हळूहळू झिरपते आणि खडकातले थोडे थोडे क्षार घेत नाल्यात येते. म्हणून उन्हाळ्यात नाल्याला जे झऱ्याचे पाणी असते त्याचा आकडा जास्त, आणि भर पुरात तोच नाला पावसाच्या पाण्याने पातळ होतो तेव्हा आकडा कमी. हे नाल्याचे स्वतःचे चालणे आहे, तो बिघाड नाही.

खडक बदलला की आकडा बदलतो. चुनखडीच्या भागात आकडा जास्त, कडक काळ्या-गुलाबी दगडाच्या भागात कमी. तिकडे ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलात मनाउस शहराजवळ दोन मोठ्या नद्या मिळतात. रिओ नेग्रोचे पाणी काळसर, तिचा आकडा 10 च्या आसपास. सोलिमोइंसचे पाणी गढूळ, तिचा आकडा 70 च्या आसपास. दोन्ही आपापल्या जागी निरोगी, दोन्हींत मासे भरपूर. म्हणून "इतका आकडा चांगला आणि इतका वाईट" असे कोणी सरसकट सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या भामरागडलाच पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एका ठिकाणी मिळतात. तिन्ही वेगळ्या डोंगरांतून, वेगळ्या मातीतून येतात. एकीचा आकडा दुसरीला लावून चालणार नाही. प्रत्येक नदीचा स्वतःचा आकडा असतो, प्रत्येक हंगामाचा वेगळा. तो आधी माहीत असला तरच बिघाड ओळखता येतो.

आता जंगल तोडल्यावर काय होते? उभे जंगल मातीतले अन्न वाया जाऊ देत नाही. पान पडते, सडते, मुळे ते पुन्हा वर ओढून घेतात. झाडे एकदम तोडली की पाला सडत राहतो पण ओढून घेणारी मुळे नसतात. मंग नायट्रेट तयार होऊन पाण्याबरोबर निघून जाते आणि जाताना मातीतले कॅल्शियम, पोटॅशियम सोबत नेते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रूक नावाचे जंगल आहे. तिथे शास्त्रज्ञांनी 1965 च्या हिवाळ्यात एका नाल्याचे पूर्ण पाणलोट मुद्दाम तोडले, औषध मारून काही वर्षे नवीन वाढ होऊ दिली नाही, आणि खालच्या नाल्याचे पाणी मोजत राहिले. शेजारच्या न तोडलेल्या पाणलोटाशी तुलना केली. तोडलेल्या बाजूच्या नाल्यात नायट्रेट आणि इतर क्षार खूप वाढलेले दिसले. तो थंड मुलूख आहे, आपले जंगल पानगळीचे आणि चार महिन्यांच्या पावसाचे. तिथले आकडे इथे लावायचे नाहीत. पण मोजायची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे: एक तोडलेला नाला, एक न तोडलेला नाला, आणि दोन्हींची नोंद तोडायच्या आधीपासून.

आपल्याकडे हे कुठे घडते ते वेगळे सांगायला नको. महाराष्ट्राचे वन विकास महामंडळ 1974 साली निघाले. मिश्र जंगल तोडून तिथे साग लावायचा, हे त्याचे मुख्य काम राहिले. मोह, चार, टेंभरू, हिरडा, बेहडा गेला आणि ओळीत साग उभा राहिला. सागाखाली झुडपे-गवत कमी राहते, मोठ्या पानांवरून पावसाचे जाड थेंब उघड्या मातीवर आपटतात, माती धुपते. कूप तोडताना ट्रकचा रस्ता नाल्यातून जातो. उरलेला पाला-फांद्या जाळल्या की राख पहिल्या पावसात नाल्यात येते. राखेचे पाणी म्हणजे क्षाराचे पाणी, आपल्या आज्या राखेने भांडी घासत आल्या, त्यांना हे सांगायला नको. मृगाच्या पहिल्या दोन-तीन पावसांत मीटर हातात असेल तर आकडा वर जाताना दिसेल. आठ दिवसांनी गेलो तर तो वाहून गेलेला असेल.

"पिण्यालायक आहे" या वाक्याची फसवणूक

साहेब लोक एक वाक्य नेहमी वापरतात: पाणी तपासले, मर्यादेत आहे. कोणाच्या मर्यादेत, हे विचारायला शिकले पायजे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरे पाणीच नसेल तर 2000 पर्यंत सूट आहे. 500 टीडीएस म्हणजे आपल्या आकड्यात साधारण 700 ते 1000. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत शेतीच्या पाण्याला 2250 पर्यंत चालते. आता समजा, एका जंगलातल्या नाल्याचा हिवाळ्यातला आकडा वर्षानुवर्षे 80 आहे. वर काही तरी सुरू झाले आणि आकडा 400 झाला. अहवालात काय लिहून येईल? "पिण्यालायक. शेतीलायक. मर्यादेत." कागद खोटा नाही. पण नाल्याचा जीव पाचपट खारट पाण्यात गेला आहे.

नाल्यातला दगड उलटा करून पाहा. खाली शेपटीला तीन केस असलेले छोटे चपटे किडे चिकटलेले असतात. त्यांच्यावर मासे जगतात, माशांवर आपण आणि पाखरे. गोड्या पाण्यातले हे किडे आपल्या अंगातले मीठ सांभाळत जगतात. बाहेरच्या पाण्यातले क्षार वाढले, क्षारांची जात बदलली, की त्यांची सगळी ताकद त्यातच जाते. काही जाती आधी मरतात. अमेरिकेत ॲपलेशियन डोंगरात कोळशाच्या खाणींमुळे हेच झाले. तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये त्या भागातल्या नाल्यांसाठी 300 ही पातळी जाहीर केली. त्याच्या वर गेले तर नाल्यातल्या मूळच्या जीवांपैकी वीसातली एक जात नाहीशी होऊ लागते, असा तो हिशोब आहे. ती पातळी त्यांच्या डोंगरासाठी आहे, आपल्यासाठी नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली. माणसाला पिण्यालायक असलेले पाणी नाल्यातल्या जीवाला जगण्यालायक असेलच असे नाही. आपल्या भागासाठी अशी पातळी काढायची तर आपल्या नाल्यांचे आकडे लागतील. ते आज आपल्याकडे नाहीत, आणि आपण ठेवले नाहीत तर दुसरे कोणी ठेवणार नाही.

जनसुनावणीत काय होते?

एटापल्ली आणि कोरची तालुक्यातले डोंगर लोखंडाच्या खनिजासाठी लीजवर गेले, हे आपण सगळे जाणतो. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे मोठ्या खाणीसाठी जनसुनावणी घ्यावी लागते, 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. त्या अहवालात पाण्याचा एक तक्ता असतो. त्यात पीएच, टीडीएस, वाहकता सगळे असते. पण हा तक्ता बहुतेक वेळा एकाच हंगामाचा असतो, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. नियमात तसेच चालते. आपला नाला जगतो पावसाळ्यात, खाणीची माती वाहते पावसाळ्यात, धान लागते पावसाळ्यात. आणि मोजणी होते बाकीच्या महिन्यांत.

सुनावणीत आपण काय म्हणतो? "आमचा नाला खराब होईल, मासे मरतील." अधिकारी लिहून घेतो: "ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली." कंपनीचा माणूस तक्ता दाखवतो आणि म्हणतो, आम्ही शास्त्रीय मोजणी केली आहे. तिथे आपली बोलती बंद होते. आपल्याला कमी कळते म्हणून नाही, आपण लिहिलेले नसते म्हणून. त्याच जागी ग्रामसभेने रजिस्टर टेबलावर ठेवले, "हा आमच्या नाल्याचा दोन वर्षांचा आकडा, सहा पावसाळी नोंदी तुमच्या अहवालात नाहीत, त्या का नाहीत ते लिहून द्या" असे विचारले, तर इतिवृत्तात ते लिहावेच लागेल.

हक्क आपल्याला आहे

काही गावांत अजून वाटते की पाणी तपासायला परवानगी लागते. परवानगी कोणाची? वनहक्क कायदा 2006 चे कलम 5 वाचा. जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखायचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला आहे. लागूनचे पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे स्रोत नीट राखले जातील हे पाहायचा अधिकारही त्याच कलमात आहे. कलम 3 मध्ये मासे आणि पाण्यातल्या इतर उपजांवर सामूहिक हक्क आहे. नियमांतल्या नियम 4 प्रमाणे हे राखणीचे काम करायला ग्रामसभा स्वतःची समिती नेमू शकते. पेसा कायदा 1996 चा आहे, त्यातही गावाची साधनसंपत्ती राखायला ग्रामसभा सक्षम आहे असे स्पष्ट म्हटले आहे. ज्याला राखायचे आहे त्याला मोजायचा हक्क असणारच.

मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या हाती आला. तिथे अनेक वर्षे गावाने अभ्यास गट चालवले, जंगलाची माहिती स्वतः गोळा केली, हिशोब स्वतः ठेवला. पास हातात आला तेव्हा हिशोब ठेवणारी माणसे गावात तयार होती. हक्क आणि वही सोबत चालल्या. पाण्याच्या बाबतीत हक्क आला आहे, वही राहिली आहे.

साथींच्या शंका

पहिली शंका जुन्या माणसांची. एका बैठकीत एक काकाजी म्हणाले, "बाबू, नाल्याचं पाणी तोंडात घेतलं का समजते. मासा वरती येऊन तोंड वासते ते डोळ्यानं दिसते. त्याला मशीन कशाला पायजे?" काकाजी बरोबर आहेत. त्यांना जे समजते ते मीटरला कधी समजणार नाही. पण मासा तोंड वासतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि काकाजींची जीभ कलेक्टर ऑफिसात फाइलला जोडता येत नाही. माझे म्हणणे, दोन्ही लिहा. आकड्याच्या शेजारी रकाना ठेवा: चव कशी, वास कसा, कोणते मासे दिसले, खेकडे-झिंगे आहेत का. हा रकाना बायांनी आणि म्हाताऱ्यांनी सांगायचा, पोरांनी लिहायचा. पाणी रोज बाया भरतात, त्यांच्याइतके ते कोणी ओळखत नाही.

दुसरी शंका लढणाऱ्या साथींची. ते म्हणतात, हे संस्थावाल्यांचे काम आहे. आकडे भरता भरता मोर्चा राहून जाईल. या शंकेत दम आहे. आपल्या भागात गाड्या घेऊन लोक येतात, बाटल्या भरतात, फोटो काढतात, जातात. त्यांचा अहवाल कुठे छापून येतो ते गावाला कळतही नाही. म्हणूनच मी म्हणतो, मीटर संस्थेचा नको, ग्रामसभेचा पायजे. तेंदू-बांबूच्या पैशातून घेता येईल, साध्या मोबाइलपेक्षा महाग नाही. रजिस्टर गावाबाहेर जाणार नाही, ज्याला पायजे त्याने ग्रामसभेत येऊन मागावे, नक्कल घ्यावी, ठरावात नोंद व्हावी. मोजणी मोर्चाची जागा घेत नाही. मोर्चात जाताना हातात काय असावे एवढाच हा प्रश्न आहे.

तिसरी शंका सगळ्यात महत्त्वाची. आकडा आपल्यावरच उलटला तर? समजा आकडा कमी आला, तर कंपनी म्हणेल, बघा, गावाच्याच मीटरने पाणी चांगले सांगितले. किंवा आकडा वाढला तर वनखाते म्हणेल, तुम्ही मोहफूल वेचायला पाला जाळता, नाल्यावर साबणाने कपडे धुता, त्याने वाढला. याला दोन उत्तरे आहेत.

एक, हा मीटर काय सांगत नाही ते आपण आधीच ठरावात लिहून ठेवायचे. विरघळलेले क्षार तेवढे त्याला दिसतात. लोखंडाच्या खाणीची लाल माती पाण्यात तरंगते, विरघळत नाही. नाला लाल झाला तरी आकडा जवळपास तसाच राहू शकतो. कीटकनाशकाचा थोडा अंश त्याला दिसत नाही. पाण्यातला श्वासाचा ऑक्सिजन कमी झाला तर दिसत नाही. जुलाबाचे जंतू दिसत नाहीत. म्हणून नुसत्या कमी आकड्यावरून कोणी पाण्याला शुद्धतेचे सर्टिफिकेट देऊ शकत नाही. मातीसाठी साधी युक्ती आहे: पांढऱ्या पारदर्शक बाटलीत पाणी भरून रात्रभर हलवायचे नाही, सकाळी तळाला किती गाळ बसला ते पट्टीने मोजायचे, तेही रजिस्टरात लिहायचे.

दोन, आपल्या वापराचा परिणामही आपण मोजायचा, लपवायचा नाही. धुण्याच्या घाटाच्या वर एक नोंद, खाली एक नोंद. मोहाखाली जाळ लागला त्या वर्षीची नोंद, न लागला त्या वर्षीची नोंद. जो फरक निघेल तो गावासमोर ठेवायचा आणि गावाने नियम करायचा. नियम ग्रामसभेने केला तर तो स्वराज्य, वनखात्याने लादला तर तो गुन्हा आणि दंड. आणि आपला घाट आणि त्यांचा कूप यांचा आकडा वेगवेगळा लिहिलेला असेल, तर एकाचे खापर दुसऱ्यावर फोडता येणार नाही.

काम कसे करायचे

जागा तीन निवडा. एक गावाच्या वर, जिथे कूप किंवा लीज आहे त्याच्या खाली. एक गावाच्या खाली. आणि एक असा नाला, ज्याच्या वरच्या अंगाला कोणी हात लावलेला नाही. बऱ्याच गावांत पेनठाण्याच्या रानातून असा झरा येतो. तिथे कुऱ्हाड चालत नाही हा आपल्या पूर्वजांचा नियम आज आपल्याला तुलनेसाठी कामी येतो. गायता-भूमकांना विचारून, त्यांना सोबत घेऊनच तिथे जावे.

जागा एकदा ठरली की बदलायची नाही. दगडावर खूण करा. वेळही शक्यतो तीच, सकाळची. एरवी पंधरा दिवसांनी एकदा, पावसाळ्यात आठवड्याला, आणि मृगाच्या पहिल्या पावसांत रोज.

वाहत्या पाण्यात मोजा, साचलेल्या डबक्यात नाही. भांडे त्याच पाण्याने तीनदा विसळा. पाणी गरम झाले की आकडा आपोआप वाढतो, एका अंशाला साधारण दोन टक्के. म्हणून तापमान सांभाळून घेणारा मीटर घ्या, आणि पाण्याचे तापमानही लिहा. मीटर खरा बोलतो का हे तपासायला 1413 आकड्याचे तयार द्रावण मिळते. महिन्यातून एकदा त्यात बुडवून पाहा, जुळवून घ्या. बॅटरीच्या चांगल्या पाण्यात जवळपास शून्य दाखवतो का तेही पाहा. ही तपासणी रजिस्टरात लिहिली नाही, तर समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात आपल्याला आडवे करेल.

रजिस्टराला पाने आधीच नंबर टाकून घ्या. रकाने असे: तारीख, वेळ, जागा, तापमान, आकडा, मागच्या तीन दिवसांत पाऊस झाला का, बाटलीतला गाळ, वरती काय काम चालू दिसले, चव-वास-मासे, मोजणाऱ्याची सही, दोन साक्षीदारांची सही किंवा अंगठा. खाडाखोड झाली तर आडवी रेघ मारून शेजारी लिहा, खोडरबर नको. दर ग्रामसभेत मागची पाने वाचून दाखवा.

आकडा एकदम वाढला तर काय? दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, वरच्या बाजूला चालत जा, कुठून वाढतो ते शोधा. दोन नाले मिळतात तिथे दोन्हींत वेगवेगळे मोजले की वाट सापडते. मंग ग्रामसभेचा ठराव करून प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा आणि त्यांनी येऊन नमुना घ्यावा अशी मागणी करा. आपल्या पेन-मीटरचा आकडा कोर्टात जसाच्या तसा पुरावा होईल असे समजू नका. जल प्रदूषणाच्या 1974 च्या कायद्यात नमुना घेण्याची पद्धत ठरलेली आहे. पण त्याच कायद्याच्या कलम 49 प्रमाणे कोणताही नागरिक 60 दिवसांची नोटीस देऊन स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो, आणि तशी तक्रार झाल्यावर मंडळाने त्यांच्याकडचे अहवाल मागणीनुसार द्यायचे असतात. आपले रजिस्टर मंडळाला जागेवर आणते, कोणत्या जागेवर आणि कोणत्या दिवसांत नमुना घ्यायचा ते सांगते. दुष्काळात कोरड्या नाल्यातून बाटली भरून नेऊन "काही आढळले नाही" असे लिहायला त्यांना जागा राहत नाही.

शेवटचे

हे काम दोन वर्षे केल्यावर एका गावाचा आकडा म्हणजे फक्त एक वही असेल. पण एकाच नदीच्या काठची वीस गावे हे करतील तर ती नदीची वही होईल. कठाणी, खोब्रागडी, बांडिया यांच्या काठच्या ग्रामसभांनी एकमेकांना आकडे दाखवले, तर वरच्या गावात झालेला बिघाड खालच्या गावाला मासे मरायच्या आधी कळेल. वनहक्काचे दावे आपण गावागावाने वेगळे केले, सीमा आखल्या. नदीला त्या सीमा माहीत नाहीत. तिची राखण करायची तर महासंघाला नदीच्या हिशोबाने बसावे लागेल.

येत्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या: मीटर घेण्याचा, मोजणाऱ्या तिघांची नावे ठरवण्याचा (त्यात निदान दोन बाया पायजेत), आणि तीन जागा ठरवण्याचा. ठरावाची नक्कल पत्रिकेकडे पाठवा, दुसऱ्या गावांना वाचायला छापू. शिकायचे असेल तर तालुक्याच्या बैठकीत सांगा, एका दुपारचे काम आहे, सातवीतली पोरगी पण शिकते.

पावसाळा तोंडावर आहे. पहिल्या पावसाआधी पहिले पान भरलेले असू द्या.

जल, जंगल, जमीन आमची! आणि तिचा हिशोबही आमचाच!

जय सेवा!